मुक्कामाचे विमान

९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी-परुळ्याच्या सड्यावर मुंबईहून आलेले अलायन्स एअरचे प्रवासी विमान उतरले, तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे हे एकमेकांचे कडवे प्रतिस्पर्धी एकाच व्यासपीठावर बसलेले होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने त्या उभयतांनी एकमेकांस काढलेल्या चिमट्यांनी भरून गेले. त्या गदारोळात एका साध्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती गोष्ट म्हणजे त्या विमानाची वेळ. माध्यान्हीच्या सुमारास मुंबई सोडावी, एक वाजण्याच्या आसपास चिपीस उतरावे, अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उड्डाण करावे आणि तीन वाजण्यापूर्वी मुंबईस परतावे, असा त्या विमानाचा क्रम ठरला होता. विमानतळ नवा, धावपट्टी अडीच हजार मीटर लांब, भाडे सरकारी योजनेने बांधून दिलेले, आणि मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेला चाकरमानी वर्ग पिढ्यान्‌पिढ्यांचा. एवढी अनुकूलता असताना ती सेवा तीन वर्षांची मुदत संपताच, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात, बंद पडावी, याचे कारण शोधू लागले तर इतर अनेक कारणांबरोबर त्या दुपारच्या वेळेपाशी येऊन थांबावे लागते.

कुडाळच्या एखाद्या व्यापाऱ्यास मुंबईत एखाद्या कचेरीत काम आहे, असे समजू. कोकणकन्या एक्सप्रेसने तो संध्याकाळी निघाला तर पहाटे मुंबईस पोहोचतो, दिवसभर आपले काम करतो, रात्रीची परतीची गाडी धरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चहा घेतो; त्याची एकही कामाची वेळ वाया जात नाही आणि लॉजच्या खोलीचे भाडेही पडत नाही. तोच मनुष्य दुपारच्या विमानाने गेला तर सांताक्रूझहून शहरात शिरेतो कचेऱ्या सुटण्याची वेळ होते; दुसऱ्या दिवशीचे परतीचे विमान गाठायचे तर कचेऱ्या उघडतात न उघडतात तोच विमानतळाकडे निघावे लागते; म्हणजे एका तासाच्या कामासाठी दोन रात्रींचा मुक्काम. प्रवास सव्वा तासाचा झाला खरा, पण प्रवाशाचा वेळ वाचला नाही. कोल्हापूरकरांना महालक्ष्मी एक्सप्रेस आणि सोलापूरकरांना सिद्धेश्वर एक्सप्रेस हीच सोय कित्येक वर्षे पुरवीत आल्या आहेत, आणि म्हणून महाराष्ट्रातील प्रादेशिक विमानसेवेचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी विमान कंपनी नसून रात्रीची रेल्वेगाडी आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

मग कंपन्या अशा गैरसोयीच्या वेळा का ठेवतात, असा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. त्याचे उत्तर विमानाच्या दिनक्रमात आहे. आपल्याकडील लहान मार्गांवर बहुधा एटीआर-७२ या जातीची, दोन पंख्यांची, सुमारे सत्तर आसनांची विमाने धावतात. अशा विमानाचे भाडेपट्ट्याचे हप्ते डॉलरमध्ये भरावे लागतात, आणि ते विमान उडो वा उभे राहो, हप्ता चुकत नाही. म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याने सात-आठ उड्डाणे केली तरच जमाखर्चाचा मेळ बसतो. त्यातली सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची उड्डाणे सर्वांत मोलाची, कारण कामकाजाचा प्रवासी अधिक भाडे देण्यास तयार असतो तो त्याच वेळी. ती मोलाची उड्डाणे कंपनी साहजिकच मोठ्या शहरांच्या दरम्यान ठेवते, आणि मधला जो दुपारचा रिकामा काळ उरतो त्यात लहान गावांच्या फेऱ्या बसवते. लहान गावाच्या वाट्याला येते ते विमानाच्या दिवसातले उरलेसुरले.

याहून कठीण अडचण मुंबईची. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो, आणि तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानांची चढउतार झाली की त्या व्यवस्थेची सीमा गाठली जाते. उतरण्याची आणि निघण्याची प्रत्येक नेमून दिलेली वेळ, जिला व्यवसायात स्लॉट म्हणतात, ती तेथे कोणाच्या ना कोणाच्या नावावर आधीच चढलेली असते. जगभरच्या रिवाजाप्रमाणे विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून, बदलतात. ज्या कंपनीने मागील हंगामात आपला स्लॉट नियमाने वापरला तिचा पुढील हंगामावर हक्क राहतो. या वहिवाटीमुळे जुन्याचे संरक्षण होते आणि नव्याला शिळेपाके मिळते. दिल्लीला जाणाऱ्या एकशे ऐंशी आसनांच्या विमानास आणि जळगावास जाणाऱ्या सत्तर आसनांच्या विमानास धावपट्टीवर जवळजवळ सारखाच अवधी लागतो. तेव्हा तो अवधी कोणास द्यावा, हे निव्वळ व्यापारी बुद्धीने ठरवायचे झाल्यास निर्णय सांगण्याची गरजच उरत नाही. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनने अठरा-एकोणीस आसनांच्या चिमुकल्या विमानांनी नाशिक आणि जळगाव येथून मुंबईची सेवा सुरू केली, तेव्हा या वेळेच्या टंचाईनेच तिला प्रथमपासून ग्रासले होते.

येथे केंद्र सरकारच्या त्या प्रसिद्ध योजनेचा विचार क्रमप्राप्त आहे, जिला 'उडान' हे सुटसुटीत नाव मिळाले. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणातून ती निघाली, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून तिचा आरंभ केला, त्या दिवशी ज्या मार्गांना हिरवा झेंडा मिळाला त्यांत आपल्याकडील नांदेड-हैदराबाद हा एक होता. योजनेची रचना अशी : कंपनीने मार्ग सुचवावा आणि तो चालविण्यास किती तूट येईल तेही सांगावे, जी कंपनी कमीत कमी तूट मागेल तिला तो मार्ग मिळावा, तिने साधारणपणे निम्मी आसने मर्यादित भाड्याने, म्हणजे आरंभी सुमारे तासाभराच्या प्रवासास अडीच हजार रुपये या दराने, विकावीत, आणि त्या आसनांवरील तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यावी. या तुटीचा मोठा हिस्सा मोठ्या शहरांदरम्यानच्या उड्डाणांवर बसविलेल्या उपकरातून येतो, आणि बहुतेक राज्यांना वीस टक्के वाटा उचलावा लागतो. म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी आपल्या तिकिटातून नकळत नांदेडच्या किंवा चिपीच्या प्रवाशाला थोडासा हातभार लावीत असतो. शिवाय त्या तीन वर्षांत त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीस मज्जाव, उतरण्याचे शुल्क माफ, इंधनावरील विक्रीकर एक टक्का, आणि पोलीस व अग्निशामक बंदोबस्त राज्याच्या खर्चाने. इतक्या सवलती एकत्र मिळाल्याचे उदाहरण विरळाच.

त्या तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल, विमाने भरू लागतील आणि अनुदानाची कुबडी आपोआप गळून पडेल, अशी योजनाकारांची धारणा होती. ती कितपत फलद्रूप झाली हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात नमूद आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग बहाल झाले होते. त्यांतील ३७१ प्रत्यक्षात सुरू झाले. तीन वर्षांची मुदत पुरी केली ती ११२ मार्गांनी. आणि मुदतीनंतरही २०२३ च्या मार्चपर्यंत तग धरून राहिले ते अवघे ५४. चिपीची मुंबई सेवा ज्या वाटेने गेली ती वाट, तेव्हा, अपवादाची नव्हती.

या आकड्यांवरून ही योजनाच निरर्थक होती असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो घाईचा ठरेल. विमानसेवा ही जन्मापासूनच सरकारी आधारावर वाढलेली आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस आणलेले ते पहिले विमान प्रवाशांच्या भाड्यावर चालत नव्हते. ते सरकारच्या टपालाच्या मक्त्यावर चालत होते, आणि जुहूचा माळ पावसाळ्यात चिखलात बुडत असल्याने ते चार महिने सारा संसार पुण्यास हलवावा लागत असे. १९८१ मध्ये लहान गावांसाठी निघालेली 'वायुदूत' ही सरकारी कंपनी बारा वर्षांनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, तीही तोट्याच्या ओझ्यानेच. अमेरिकेने १९७८ मध्ये विमान कंपन्यांस मोकळीक दिली, तेव्हा लहान गावांची सेवा तुटू नये म्हणून अनुदानाची जी व्यवस्था लावली, ती आजतागायत चालू आहे; तेथे तीन वर्षांनी गाव स्वावलंबी होईल अशी अट घालण्याचे धाडस कोणी केले नाही. आपल्या सरकारनेही २०२५ च्या अर्थसंकल्पात उडान योजना नव्या स्वरूपात पुढील दहा वर्षांसाठी चालविण्याचा मनोदय व्यक्त केला, याचा अर्थ मुदतीचा धडा काही अंशी तरी गिरवला गेला आहे.

अनुदानाखेरीज आणखी दोन गोष्टींवर मार्गाचे आयुष्य अवलंबून असते. पहिली, दोन्ही दिशांचा भरणा. कोकणची मागणी मोठी असली तरी ती एकतर्फी आणि हंगामी आहे : गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात चिपीला येणारे विमान तुडुंब भरते आणि तेच विमान परत जाताना अर्धे रिकामे जाते; गौरीगणपतीचे विसर्जन झाले की हाच प्रकार उलट दिशेने. शिमग्याला आणि मे महिन्यात पुन्हा तेच. उरलेल्या दिवसांत चाकरमान्यांचा विचार रेल्वेच्या तिकिटाकडेच झुकतो, आणि जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारतने दिवसाच्या प्रवासाचीही चांगली सोय करून दिली आहे. याउलट शिर्डीचे उदाहरण घ्यावे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उघडलेल्या काकडी गावच्या त्या विमानतळावर वर्षाचे बाराही महिने, आणि दूरदूरच्या शहरांतून, भाविक उतरतात. जितके येतात तितकेच परत जातात. शिवाय हैदराबाद, चेन्नई किंवा दिल्लीहून येणाऱ्यास रात्रीच्या रेल्वेगाडीचा पर्यायही तितकासा सोयीचा नसतो. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमुळे तेथून पंजाबकडे विमाने जातात, त्यामागेही हेच गणित आहे. दूरच्या अंतराचा आणि बारमाही वर्दळीचा मार्ग टिकतो. जवळच्या अंतराचा आणि सणासुदीचा मार्ग अडखळतो.

दुसरी गोष्ट नियमितपणा. अनेक प्रादेशिक विमानतळांवर उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय नसते. वैमानिकास डोळ्यांनी धावपट्टी दिसली पाहिजे, आणि नियमाने त्यासाठी किमान पाच किलोमीटरची दृश्यमानता लागते. आषाढ-श्रावणात कोकणच्या सड्यावर किंवा पंचगंगेच्या खोऱ्यात पाच किलोमीटरवरचे स्पष्ट दिसण्याचे दिवस मोजकेच. मग विमान माथ्यावर येऊन घिरट्या घालते आणि गोव्याकडे किंवा मुंबईकडे वळते, आणि दुसऱ्यांदा हा अनुभव घेतलेला प्रवासी तिसऱ्यांदा तिकीट काढीत नाही. लहान कंपनीकडे राखीव विमान नसल्याने एका इंजिनाच्या दुरुस्तीपायी एकाच दिवशी चार गावांची उड्डाणे तहकूब होतात. कंपनीच बुडाली तर सारेच संपले : २०१९ च्या एप्रिलात जेट एअरवेज बंद पडली तेव्हा तिची नाशिक-दिल्ली सेवाही गेली, एअर डेक्कन २०२० मध्ये आणि ट्रूजेट २०२२ च्या आरंभी थंडावली, आणि ज्या गावांत तीच एक कंपनी होती त्या गावांचे विमानतळ रातोरात सुने झाले.

कधी अडथळा आकाशाचा नसून जमिनीवरचाच असतो. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळालगत सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी विमानांच्या मार्गात उभी होती. चिमणी पाडावी म्हणणारे आणि ऊस उत्पादकांचे हित सांगून ती राखावी म्हणणारे यांच्यात वर्षानुवर्षे वाद, मोर्चे, उपोषणे आणि न्यायालयीन खेपा चालल्या; अखेरीस १५ जून २०२३ रोजी कडेकोट बंदोबस्तात सुरुंग लावून ती पाडण्यात आली. काही क्षणांत चिमणी कोसळली. परंतु सोलापूरहून गोव्याकडे नियमित विमान निघाले ते ९ जून २०२५ रोजी, आणि मुंबईकडे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. चिमणी पाडल्याने आकाश मोकळे झाले, विमान मिळाले नाही. त्यासाठी परवाने, कंपनी, स्लॉट आणि राज्य शासनाने तूट भरून देण्याची हमी, या सर्वांची जुळणी व्हावी लागली, आणि तीस पुढची दोन वर्षे गेली.

चिपीपुढे तर शेजाऱ्याचेही आव्हान उभे राहिले. सिंधुदुर्गच्या सीमेला लागून असलेल्या पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, आणि बांदा-सावंतवाडीच्या माणसास चिपीपेक्षा मोपाच सोयीचा वाटू लागला. तेथून देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांना दिवसातून अनेक विमाने जातात. त्याच मोपा येथे तळ असलेल्या फ्लाय-९१ या नव्या कंपनीने २०२४ मध्ये चिपीहून बेंगळुरू आणि हैदराबाद, व पुढे पुणे, अशी उड्डाणे केली, यातील बोध महत्त्वाचा आहे. मुंबईचा हट्ट सोडून ज्या दिशेला रात्रीची गाडी सोयीची नाही आणि स्लॉटची मारामारही तितकी नाही, त्या दिशेने पाहण्याची बुद्धी त्या कंपनीस झाली. कोल्हापूरचे उदाहरण याच अंगाने बोलके आहे. संस्थानी अमलात १९३९ साली उघडलेल्या उजळाईवाडीच्या त्या विमानतळावरून २०१८ नंतर हैदराबाद, बेंगळुरू आणि तिरुपती यांच्या दिशेने सेवा सुरू झाल्या. मुंबईची सेवा मात्र कंपन्यामागून कंपन्या बदलत अनेकदा खंडित झाली, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात स्टार एअरने ती पुन्हा सुरू केली तेव्हाही आरंभी ती आठवड्यातून तीनच दिवस होती.

मग मुंबईसाठी काय करावे? आपल्या ग्रामीण भागात एस.टी.ची जी मुक्कामाची गाडी असते तिचा येथे आदर्श घ्यावा, असे मला वाटते. रात्री ती गाडी गावात येऊन थांबते, चालक-वाहक देवळात वा शाळेच्या ओसरीवर झोपतात, आणि पहाटे तीच गाडी शाळकरी मुले, दूधवाले आणि कचेरीत खेटे घालणारे यांना घेऊन तालुक्याला जाते. दुपारी जाणाऱ्या दहा गाड्यांपेक्षा गावाला ती एक गाडी प्यारी, कारण तिचा दिवस गावाच्या दिवसाबरोबर सुरू होतो. प्रादेशिक विमानतळासही असेच मुक्कामाचे विमान हवे : जे रात्री कोल्हापुरास, सोलापुरास किंवा चिपीस विश्रांती घेईल, सकाळी सातला निघून आठ-साडेआठास मुंबईस पोहोचेल आणि संध्याकाळी परत येईल. रात्रीच्या गाडीशी तोलामोलाची स्पर्धा अशाच विमानास करता येईल. त्याच दिवशी घरी परतण्याची सोय मिळाली तर व्यापारी, वकील, डॉक्टर आणि रुग्ण भाड्यात हजार रुपये अधिक देण्यास कुरकुर करणार नाहीत.

अर्थात ही मागणी बोलण्याइतकी सोपी नाही. रात्री उतरण्यासाठी धावपट्टीस दिवे पाहिजेत. हवाई नियंत्रण कक्षाच्या कामाच्या वेळा, ज्या लहान ठिकाणी दिवसाच्या प्रकाशापुरत्याच असतात, त्या पहाटेपर्यंत आणि रात्रीपर्यंत वाढविल्या पाहिजेत. विमानाची तपासणी करून सही देणारा परवानाधारक तंत्रज्ञ तेथे राहिला पाहिजे. इंधनाची टाकी, रखवाली, वैमानिकांच्या विश्रांतीची व्यवस्था, सारेच आले. परंतु हा खर्च नव्या इमारतीच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे, आणि बहुतेक ठिकाणी नव्या इमारती उभ्या राहून चुकल्या आहेत. उरतो प्रश्न मुंबईच्या सकाळच्या स्लॉटचा. तेथे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळाने काही काळापुरती तरी जागा निर्माण केली आहे. उलव्याहून दक्षिण मुंबई गाठण्यास अटल सेतूही आहे. नव्या विमानतळाचे स्लॉट आत्ता मोकळे आहेत. पाच-सात वर्षांत तेही दिल्ली आणि बेंगळुरूच्या नावावर चढतील आणि वहिवाटीचा हक्क बनतील. राज्याला आपल्या जिल्ह्यांसाठी सकाळचे चार-सहा स्लॉट राखून घ्यायचे असतील, तर ती तजवीज या एक-दोन हंगामांतच व्हावयास हवी.

आमदार-खासदारांकडे, पालकमंत्र्यांकडे आणि चेंबर ऑफ कॉमर्सच्या शिष्टमंडळांतून आजवर जी निवेदने जातात, त्यांत बहुधा 'विमानसेवा सुरू करावी' एवढेच म्हटलेले असते, आणि सरकारही तितक्याच शब्दांचे उत्तर देऊन मोकळे होते : सेवा सुरू होते. ती कोणत्या वेळी, आठवड्यातून किती दिवस, रात्री विमान कोठे थांबणार आणि अनुदानाची मुदत संपल्यावर पुढे काय, हे प्रश्न निवेदनात नसल्याने उत्तरातही येत नाहीत. अनुदान द्यायचेच आहे तर ते रिकाम्या आसनांवर सरसकट वाटण्यापेक्षा सकाळी गावाहून निघणाऱ्या उड्डाणास अधिक आणि दुपारच्या उड्डाणास कमी, अशी श्रेणी लावून देता येईल. वेळेवर न सुटलेल्या फेरीचे अनुदान कापण्याची अट करारनाम्यात घालता येईल. यापुढे मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस नवे वेळापत्रक जाहीर होईल तेव्हा आपल्या गावाहून किती शहरांस विमाने जातात हे मोजण्याआधी दिवसाचे पहिले उड्डाण कोठून आणि किती वाजता सुटते ते वाचकांनी पाहावे, आणि ते आपल्या गावाहून सकाळी सुटत नसेल तर पुढचे निवेदन त्याच एका मुद्द्यावर लिहावे.